चटईखाली एकतीस टक्के

लेपुआ गावचा पहिला कोंबडा आरवला तेव्हा मालेको हा मानकरी तोआलीमाच्या दारात गुडघे टेकून, कपाळ भुईला लावून बसला होता, आणि त्याच्या मनात पश्चात्तापाचा थेंबभरही ओलावा नव्हता. अंगावर डोक्यापासून टाचेपर्यंत मानाची चटई. पुढ्यात सरपणाची मोळी, भट्टीचे काळे दगड आणि केळीची पानं. 'अपराध आमचा, वाटलं तर भाजून खा' हे तोंडाने बोलायचं नसतं, असं मांडून ठेवायचं असतं. चटईखालच्या माणसाने ब्र काढायचा नाही. ज्याचा अपमान झाला त्याने घरातून उतरून स्वतःच्या हाताने चटई उचलली, की माफी मिळाली आणि चटई त्याची झाली. सूर्य समुद्रात बुडेपर्यंत कुणी उतरलंच नाही, तर चटई गुंडाळायची आणि आपल्या घरी जायचं. घर असलं तर.

मालेकोचं घर राहणार नव्हतं. तियागाऊच्या पंचांनी, म्हणजे त्याच्याच गावाने, आदल्या दिवशी बजावलं होतं: लेपुआने माफ केलं नाही तर तुझी डुकरं कापू, घराचे खांब उपटू, आणि तू बायकोला घेऊन दुसरं गाव शोध. हे विसरायला होऊ नये म्हणून चटईशेजारी गावचा बोलका मानकरी सेउमालो काठी घेऊन मांडी घालून बसला होता. गावाच्या वतीने गोड बोलणं हे सेउमालोचं काम. तो इतका गोड बोलायचा की त्याच्या भाषणाला मुंग्या लागत. पण त्या पहाटे लेपुआसमोर तासभर तसंच बोलून झाल्यावर तो चटईच्या कडेशी वाकून एवढंच म्हणाला, "मेल्या, आज हे निस्तरलं नाही, तर पहिला खांब मी उपटेन."

मागे चार पावलांवर मालेकोची बायको लुसिआ मान खाली घालून बसली होती. ती लेपुआचीच लेक. माहेरच्या दारात अशी बसायची वेळ आल्यामुळे ती नवऱ्याशी तीन दिवस बोलली नव्हती.

आता अपराध काय, तर नीरफणस. नीट सांगायचं तर टेकडीपासून सुरुवात करावी लागेल.

दोन गावांच्या मधल्या टेकडीवर एक तबकडी होती. ती आभाळातून इंटरनेट ओढायची आणि दोन्ही उतारांवर सोडायची. तिच्या पेटीची किल्ली मालेकोच्या गळ्यात असे. आंघोळीलाही तो ती काढत नसे. पेटीत फिरवायच्या दोन कळा होत्या, एक तियागाऊची आणि एक लेपुआची. मागल्या वर्षी दोन गावांचा क्रिकेटचा सामना झाला, आपला तीन धारांच्या बॅटीचा, पाच दिवसांचा. मालेको नव्व्याण्णवावर होता. त्याने चेंडू असा हाणला की तो नारळाच्या झाडाच्या शेंड्यात जाऊन बसला आणि खाली आलाच नाही. पंच होता तोआलीमा. तो झाडाकडे बघून म्हणाला, "झेल घेतला. झाड लेपुआचं आहे. बाद."

त्याच संध्याकाळी मालेको टेकडीवर गेला आणि लेपुआची कळ फिरवून मुंगीच्या मिशीएवढी उघडी ठेवली. शिवाय रोज सूर्य बुडाला की ती पार बंद करायची. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तबकडी दमते. तिला विश्रांती लागते." पेटीच्या आत काय चाललंय ते फक्त त्याला ठाऊक. लुसिआलासुद्धा नाही.

वर्षभर लेपुआने दात-ओठ खात दिवस काढले. मग सहा आठवड्यांपूर्वी गावातले सगळे फोन एकदम अडून बसले. आधी अपडेट करा, मग तोंड दिसेल, मग बोला. लोकांनी अपडेट लावले. सकाळी एक टक्का, दुपारी अठरा, तिन्हीसांजेला छत्तीस-सदतीस, की आटपला खेळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून. त्या सहा आठवड्यांत तोआलीमाची डुकरीण दोनदा व्याली, पण त्याचा फोन काही मोकळा झाला नाही. (डुकरिणीचा हिशेब करू नये. लेपुआच्या डुकरिणी लेपुआच्या फोनांसारख्या नसतात.)

तोआलीमाला फोन हवा होता तो बहिणीसाठी. त्याची थोरली बहीण फुआतिनो ऑकलंडला राहते. घराण्याच्या मानाचा कुठलाही निर्णय थोरल्या बहिणीच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय होत नाही, आणि फुआतिनोने मनातून शाप दिला तर झाडावरचे नारळ आतून वाळतात. आणि ही बाई साध्या फोनवर बोलेना. "तोंड दिसल्याशिवाय खोटं पकडता येत नाही," असं तिचं म्हणणं.

सहा आठवडे संपले तशी तोआलीमा फोन हातात धरून टेकडी चढला. मालेको वर नीरफणस भाजत बसला होता.

"तुझ्या तबकडीपेक्षा माझी डुकरीण लवकर निरोप आणते!" तोआलीमा धापा टाकत म्हणाला.

"मग तिलाच लावा की कानाला."

"सहा आठवडे! ऑकलंडला पोहत गेलो असतो तर बहिणीच्या हातचं जेवून परत आलो असतो!"

"पोहा ना. समुद्र तुमच्याच बाजूला आहे. बाद कोण देतोय?"

"अच्छा! म्हणजे त्या झेलाचं अजून पोटात दुखतंय होय तुझ्या? त्या दिवशी झाडाखाली बसून तुझ्या आईसारखा..."

वाक्य पुरं झालं नाही. भाजलेला नीरफणस तोआलीमाच्या जबड्यावर बसला आणि तीन दात टेकडीवरच राहिले.

मानकऱ्याचे दात म्हणजे गावाचे दात. म्हणून ही चटई.

तर झालं असं, की उजाडल्यावर तोआलीमा आपल्या घराच्या ओट्यावर आला. आमच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे आतलं सगळं चटईखाली ऐकू येत होतं. त्याने चटईकडे पाहिलं, सरपणाकडे पाहिलं आणि सुजल्या जबड्याने बायकोला हाक मारली.

"मेलिआ! फोन आण. ताईला विचारल्याशिवाय मी पायरी उतरणार नाही."

मेलिआने फोन आणला. मग तिचा आवाज आला.

"अहो, हा म्हणतोय, आधी अपडेट करा."

तोआलीमाच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून ओट्याखालचा कुत्रा उठून दुसऱ्या घरी राहायला गेला.

"लाव! लाव त्या मेल्याला! आणि ह्या चटईखालच्याला सांग, फोन लागेपर्यंत हलायचं नाही!"

"किती झाले?"

"एक," मेलिआ म्हणाली.

चटईखाली मालेकोच्या पोटात गुदगुल्या झाल्या. कपाळ भुईला, तोंडात माती, आणि तरी त्याला हसू आवरेना. वर्षभर त्याने लेपुआचं जळणं टेकडीवरून नुसतं कल्पनेत पाहिलं होतं. आज पहिल्यांदा ते कानाशी बसून ऐकायला मिळत होतं.

"तीन."

"तीन? मघाशीही तीनच होते!"

"मघाशी दोन होते हो. तुम्ही ओरडलात म्हणून तो घाबरून थांबला."

"घाबरतो? ह्याला मी आता समुद्रात..."

"फेका. मग ताईंना तुमचं तोंड खेकड्यांकडून दाखवा."

दहाच्या सुमारास बारा टक्के झाले. फोन इतका तापला की एक खुडूक कोंबडी येऊन त्याच्यावर बसली. तोआलीमा तिला हाकलायला उठला, तर मेलिआ म्हणाली, "असू द्या. निदान ती तरी आज काहीतरी पुरं करील."

ऊन चढलं. चटई अशी विणलेली की वारा आत येत नाही आणि घाम बाहेर जात नाही. मालेकोच्या मानेवरून मुंग्यांची वरात चालली होती, गुडघ्यांखाली प्रवाळाचे खडे रुतत होते, आणि गळ्यातली किल्ली छातीत टोचत होती. लेपुआची माणसं येताजाता थांबत.

"जिवंत आहे का रे?"

"वास तर मेल्याचा येतोय."

"तो त्याचा नेहमीचाच. क्षेत्ररक्षणाला उभा राहिला की समोरचे आपोआप बाद व्हायचे."

बाराच्या पुढे मेलिआ पायरीवर आली. तिने मोळीतली दोन लाकडं एकमेकांवर आपटून पाहिली. "सरपण वाळकं आहे. दगड आलेत, पानंही आलीत. भट्टी लावू का?"

"लाव," तोआलीमा म्हणाला.

"आत काय घालायचं?"

तोआलीमा सावकाश म्हणाला, "ते टक्क्यांवर आहे."

मालेकोचं हसू तिथे संपलं. दोन हातांवर लाकडं पेटली, दगड तडतडायला लागले, आणि चटईच्या त्या बाजूला इतकी धग आली की त्याचा एक कान भाजला. खरंच घालतात की काय? शंभर वर्षांत कुणी कुणाला घातलं नव्हतं. पण शंभर वर्षांत कुणी मानकऱ्याचे तीन दातही नीरफणसाने पाडले नव्हते.

"सेउमालो दादा," तो चटईखालून पुटपुटला, "काय घालतायत?"

"अळकुड्या आहेत. गप बस."

"आणि?"

"आणि अजून जागा आहे."

भट्टी झाकली, उघडली. नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूच्या पानांचा वास चटईखाली शिरला आणि मालेकोच्या आतड्यांनी एकमेकांना मिठी मारली. लेपुआ जेवलं. अख्खं गाव त्याच्या डोक्यापासून चार हातांवर बोटं चाटत बसलं. वर तोआलीमा चावता येत नाही म्हणून मालेकोच्या नावाने बोटं मोडत होता.

"किती झाले?"

"एकतीस," मेलिआ म्हणाली. "चार वाजले."

मालेको शाळेत हिशेबात कच्चा होता, पण उन्हात भाजून निघालेल्या माणसाचं डोकं चालतं. सकाळी सहापासून चारपर्यंत एकतीस. तासाला तीन. उरले एकोणसत्तर. म्हणजे उद्या दुपारी. आणि सूर्य बुडणार साडेसहाला.

त्याच्या पाठीवरचा घाम एकदम गार झाला. ही मुंगीची मिशी त्याने आज पहाटे इकडे येतानाही स्वतःच्या हाताने ठेवली होती. वर टेकडीवर एक कळ उजवीकडे फिरवली की फोन धावत सुटणार, फुआतिनो दिसणार, हो किंवा नाही काय ते बोलणार. नाही फिरवली, तर फोन रांगत राहणार, सूर्य बुडणार, घराचे खांब उपटले जाणार, आणि गावाबाहेर पडणार तो स्वतः.

त्याने तासभर दम धरला. वैर हे असं असतं: माणूस आपलं घर जाईल म्हणून घाबरतो, पण शेजाऱ्याला सुख मिळेल म्हणून त्याहून जास्त घाबरतो. शेवटी चौतीस टक्क्यांवर त्याने चटईच्या कडेखालून बोट बाहेर काढलं आणि सेउमालोच्या मांडीला टोचलं.

"दादा. कुणाला तरी टेकडीवर पाठवा. पेटीतली डावी कळ पूर्ण उजवीकडे फिरवायची."

"का?"

"फिरवायची म्हणजे झालं."

सेउमालो मूर्ख असता तर बोलका मानकरी झाला नसता. त्याने काठीचं टोक चटईवरून मालेकोच्या कण्यावर टेकवलं आणि त्यावर सगळा भार टाकला.

"वर्षभर?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"हं."

"आणि मी ह्या गावासमोर पहाटे तासभर तुझ्या निष्पाप मनाबद्दल बोललो. डुकरा, माझं अख्खं भाषण फुकट घालवलंस."

त्याने मागे खूण केली. लुसिआ गुडघ्यांवर सरकत पुढे आली, नवऱ्याला पाणी पाजायच्या मिषाने. चटईखालून किल्ली तिच्या हातात आली आणि दबलेल्या आवाजात हकीकतही.

"डावी कळ," लुसिआ म्हणाली. तीन दिवसांनी ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती. "म्हणजे लेपुआची. म्हणजे माझ्या आईचीही."

"आईंचं नंतर बघू. पळ."

"तिचे गुडघे गेलेत. टेकडी चढून ती माझ्याकडे येऊ शकत नाही. वर्षभर फोनवर तिचं नुसतं अर्धं नाक दिसत होतं, आणि हे सहा आठवडे तर तेही नाही. मी म्हणायचे, तबकडी दमली असेल बाई."

"लुसिआ, सूर्य!"

ती गेली. तासभराची वाट तिने किती वेळात चढली कुणी पाहिलं नाही, पण सहाला दहा कमी असताना लेपुआत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. कोंबडी किंचाळून फोनवरून उडाली. एकोणचाळीस, साठ, ब्याऐंशी, शंभर! आणि मग गावातला प्रत्येक फोन एकदम वाजायला लागला. सहा आठवड्यांचे निरोप आभाळातून असे कोसळले, की दोन केळी मोडल्या आणि पाद्रीबाबा घंटा न वाजवताच प्रार्थनेला उभे राहिले. एका माणसाला त्याच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण आलं, आणि पाठोपाठ त्या लग्नाला न आल्याबद्दल शिव्या आल्या.

तोआलीमा मात्र फोनकडे बघत नव्हता. तो टेकडीकडे बघत होता. तिथून तियागाऊची एक बाई धावत खाली येत होती.

लुसिआ धापा टाकत चटईमागे येऊन बसली.

"दे," चटईखालून आवाज आला. "किल्ली दे."

"असू दे माझ्याकडे. घरी गेल्यावर घे."

"नाही! किल्ली माझ्याजवळच पाहिजे. आत्ता!"

"गळ्यात घालायला डोकं तरी वर काढता येतंय का तुला?"

"मग बांध कुठेतरी. माझ्या जवळ बांध. पडायला नको."

लुसिआ कोळ्याची मुलगी. तिने क्षणभर विचार केला, आणि मानाच्या चटईला लाल पिसांची झालर होती, तिच्यात किल्ली ओवून अशी गाठ मारली, जी शार्क जाळ्यात आला तरी सुटत नाही.

"बांधली," ती म्हणाली. "अगदी घट्ट."

वर ओट्यावर फुआतिनो प्रकट झाली. तिचा आवाज ऑकलंडहून फोनशिवायही आला असता.

"सहा आठवडे कुठे उलथला होतास? दात दाखव. आणखी जवळ आण. कुणी पाडले?"

"तियागाऊच्या मालेकोने, ताई. दारात चटईखाली बसलाय. पण मला आत्ताच कळलंय की त्याने..."

"कधीपासून बसलाय?"

"पहाटेपासून. पण ताई, त्या टेकडीवर..."

"दिवसभर? उन्हात? मेला तर उद्या आपल्याला त्यांच्या दारात चटई पांघरून बसावं लागेल, अक्कलशून्या. आणि तो झेल झाडाने घेतला होता, मला सगळं ठाऊक आहे. चटई दाखव."

पायऱ्या वाजल्या. मालेकोला चटईच्या कडेखालून मोठे पाय दिसले आणि मग फोनचा उजेड.

"किनार दाखव. वीण जवळून दाखव. थांब!" फुआतिनोचा आवाज एकदम मऊ झाला. "ही त्याच्या पणजीच्या हातची आहे. अशी वीण आता बेटावर कुणाला येत नाही. घे ती. उचल. आणि झालरीला ते काय लोंबतंय?"

सूर्य पाण्याला टेकला होता.

तोआलीमाने झालरीतली किल्ली दोन बोटांत धरली, टेकडीकडे पाहिलं, मग लुसिआकडे. ती आपल्या आईच्या घराकडे बघत बसली होती.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "नक्षी आहे."

आणि त्याने चटई उचलली.

मालेकोला उजेड सहन होईना. तोआलीमाने त्याला खांदे धरून उभं केलं, रीतीप्रमाणे मिठी मारली आणि कानात म्हणाला, "तुझ्या फोनचं किती झालंय रे?" मग तो गावाकडे वळला आणि त्याने म्हणायचं ते वाक्य म्हटलं, मोठ्याने, उरलेल्या सगळ्या दातांनिशी.

"मानाची चटई, आणि चटईसोबत जे जे आलं ते ते, लेपुआने स्वीकारलं!"

मालेकोने तोंड उघडलं. सेउमालोची काठी त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकली. चटईबरोबर आलेली वस्तू परत मागितली की माफी रद्द. हे बेटावरच्या डुकरांनाही माहीत आहे. मेलिआने चटईची घडी घातली, किल्ली आत राहील अशी, आणि घडी घरात गेली. लुसिआ आईकडे गेली ती चार दिवसांनी घरी आली.

पुढल्या आठवड्यात तियागाऊतले फोन अडून बसले. आधी अपडेट करा, मग बोला. मालेकोने अपडेट लावला. सकाळी एक, तिन्हीसांजेला सदतीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी तो फोन हातात धरून टेकडी चढला.

वर पेटीला टेकून तोआलीमा बसला होता. गळ्यात किल्ली, समोर निखारे, निखाऱ्यांवर नीरफणस.

"तबकडी दमते," तो म्हणाला. "तिला विश्रांती लागते."

मालेकोच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्याची नजर नीरफणसावर गेली आणि तिथेच खिळली. तोआलीमाने तो काडीने उलटला, राख झटकली आणि केळीच्या पानावर घेऊन त्याच्यापुढे धरला.

"फेक ना," तो म्हणाला. "तुझ्या पणजीने तशा आणखी किती चटया विणून ठेवल्यात?"